रांगेतला शेवटचा शिपाई

२ डिसेंबर १९६५
दिवा विझल्यावर पडद्यावरची माणसं कुठं जातात? आज साळूबाई नावाच्या म्हातारीने बी.ए. झालेल्या मला हे विचारलं. मी हसून यंत्राकडे बोट दाखवलं. पहिला दिवस छान गेला. महाडहून पोलादपूर, तिथून आमच्या गाडीने आंबेनळी घाटाखालच्या या वाडीत. युद्धाची फिल्म दाखवून लोकांना समजावून सांगायची, हे माझं सरकारी काम. आमच्या घरात चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. निघताना बाबांनी कंडक्टरलासुद्धा माझी पदवी सांगितली. फिल्मचं यंत्र चालवणारे मुरादभाई महाडचे. ते म्हणाले, यंत्र मी सांभाळतो, माणसं तुम्ही सांभाळा. यंत्र कमी रुसतं.

शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला. आपले जवान शत्रूचं गाव घेतात: धूर, पडकी घरं, पाठमोरी रांग. रांगेतला शेवटचा क्षणभर मागे वळतो. टाळ्याच टाळ्या.

३ डिसेंबर
साळूबाई सकाळीच दारात. म्हणाली, “त्यो मागं बघनारा माजा दत्ता हाय, बाय.” दत्ताराम तिचा फौजेतला मुलगा; तो गेल्याची तार सप्टेंबरातच आली होती, देह मिळाला नाही. तिचे पती येसाजी उद्या पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देणार होते. देह नसला की इथे असंच करतात. मी फितीच्या डब्यावरची तारीख तारेशी ताडून पाहिली. चित्रण तारेनंतरचं! येसाजींना म्हटलं, जिवंत माणसाचे अंत्यविधी करू नका, मी पलटणीला लिहिते. त्यांनी पानं गोळा करून बाजूला ठेवली. पुतळा करायचा राहिला.

६ डिसेंबर
साळूबाईसाठी रोज फिल्म लावतो. गाडी नादुरुस्त असल्याचं कचेरीला खोटंच कळवून मुक्काम वाढवला. आज तिने पडद्याला हाक मारली, “दत्ता रे!” रांग पुढे गेली. तो थांबून राहिला. मुरादभाईंनी नंतर फीत उजेडात धरली. फितीत तो पाठमोरा चालतोच आहे.

११ डिसेंबर
तो आणखी जवळ आला. छाती चुन्याने पांढरी, अर्धा चेहरा चेपलेला. बाकीच्यांना दिसत नाही म्हणावं, तर लोकांनी शाळेत येणंच सोडलं आहे. साळूबाई जेवत नाही. पडद्याखाली भाकरी ठेवते. म्हणते, “त्याला वाट घावत नाय गो. कुनीतरी आनाया जायाला होवं.”

१५ डिसेंबर
दत्तारामच्या पलटणीतल्या सोबत्याचं उत्तर आलं. त्या गावात भिंत कोसळली ती त्याच्या डोळ्यांदेखत. दत्ताराम तिच्याखाली. चित्रण त्याच जागेचं, पण नंतरचं.
शाळेला सध्या मास्तर नाही, वाडीत वाचता येणारी मी एकटी. येसाजींनी विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, शोध चालू आहे.
असं का म्हणाले मी —

१७ डिसेंबर
दिवा लावला तेव्हा साळूबाई पुढे बसली होती. विझवला तेव्हा फक्त तिच्या वहाणा. भाकरी नाही. दाराशी मुरादभाई उभे होते. कोणी बाहेर गेलं नाही.
पुन्हा फिल्म लावली. धुरात दत्तारामचा हात धरून नऊवारी —
मुरादभाई गाडीसुद्धा न घेता पायी महाडला निघून गेले. यंत्र चालवायला त्यांनी मला आधीच शिकवलंय.

१८ डिसेंबर
पाच वेळा लावली. दोघं माझ्याकडे धावतात. दर वेळी भिंत कोसळते. दोघांवर.
न लावली तर? दिवा विझल्यावर ती तिथंच, भिंतीखाली —

१९ डिसेंबर
येसाजींना पत्र वाचून दाखवलं. सगळं. त्यांनी शिवी दिली नाही. पळसाची पानं आणली, दोन पुतळे केले. म्हणाले, “तूच आडवलंस, बाय. आता अग्नी तूच दे.”

शाळेमागे मांडले. मधे फीत ठेवली. ती पेटायला वेळ — आक्रसते, वितळते —

शाळेत यंत्र बंद आहे. तरी घोंगड्यांमागून उजेड. आणि साळूबाईची हाक, अगदी दारातून — बाय गो, वाट घावली, आमी आलो, दार उघड —

येसाजी दाराकडे धावलेत. आत धूर. आत दोघं किंचाळतायत आणि पुतळ्यांना काडी मी आधीच लावली —