मांडीवरचे दीड तास

तीर्थरूप वन्संच्या पायांशी नमस्कार. पायांचा विषय निघालाच आहे तर आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करते. जिना चढताना अजून कळ येते का? तेल चोळता का, की बाटली नुसती खिडकीत शोभेला ठेवली आहे? इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत. तुमचे भाऊही ठीक आहेत. निवृत्तीनंतर भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, आणि ते एकदा झालं की दमून दुपारपर्यंत बसून असतात.

पत्राला दोन महिने उशीर झाला. तुम्ही एक दिवस आधीच गेलात, आणि जाताना दारात चपला घालत म्हणालात, "पोरीवर प्रयोग करायला देता, ती काय उंदीर आहे?" मी तेव्हा काही बोलले नाही. माझ्या हातात आपल्या नातीचे, भिंगरीचे बूट होते आणि तुमची रिक्षा खाली उभी होती. (रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून झाला होता, आणि उत्तर लांबलं असतं.) पण गेल्या मंगळवारी जे घडलं ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला अन्न गोड लागेना, कारण त्यात तुमचा मोठा वाटा आहे. तो कसा, ते पुढे येईलच. कागद पाठकोरे आहेत त्याबद्दल क्षमा असावी. इस्पितळात प्रत्येक वेळी त्या प्रयोगाच्या माहितीपत्रकाची नवी प्रत देतात, एकाच बाजूला छापलेली, आणि दुसरी बाजू कोरी टाकून द्यायला माझा हात धजत नाही.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही त्या वेळी चिडलेल्या होतात आणि तुमचे भाऊ नीट सांगत नाहीत. भिंगरी जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती, हे तुम्ही पाहिलंच आहे. सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तुम्हीच तेवढ्या पुढे होऊन म्हणालात, "ही तर भिंगरी, गिरकी घ्यायच्या तयारीनेच आली आहे," आणि तेच नाव तिला चिकटलं. पुढे दर आठवड्याला नवं प्लास्टर, प्रत्येक प्लास्टरला पावलं थोडी थोडी बाहेर वळत गेली, आणि मग ते बूट आले: दोन बूट आणि मधे त्यांना जोडणारी दांडी. सुरुवातीला जवळजवळ अख्खा दिवस, नंतर फक्त झोपेत. झोपेतले बूट सोडले तर पावलं पुन्हा आत वळू शकतात. ते किती तास घालायचे, आठ की बारा, यावर डॉक्टरांचं संशोधन चाललं आहे, कारण आठ पुरतात की नाही हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. त्यालाच तुम्ही प्रयोग म्हणालात.

संमतीपत्र अकरा पानांचं होतं. बाकीचे आईबाप उभ्या उभ्या सही करून जात होते. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले असले तरी वाचल्याशिवाय सही करायची नाही हे वडिलांनी शिकवलं होतं, म्हणून मी बाकावर बसून अकराही पानं वाचली आणि सूनबाईला एकेक समजावून दिली. (तोवर तिची अर्ध्या दिवसाची रजा संपली.) तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की तुम्ही केव्हाही, कोणतंही कारण न देता, यातून बाहेर पडू शकता आणि त्यामुळे तुम्हाला मिळणाऱ्या वागणुकीत फरक पडणार नाही. वन्सं, हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या घरात आले तेव्हा माझ्यापुढे असा कागद कुणी ठेवला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं, तर डॉक्टर हसले आणि तुमच्या भावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

आठ तास की बारा, हे मात्र आपल्या हातात नव्हतं, आणि डॉक्टरांच्याही नव्हतं. बंद पाकीट उघडायचं, निघेल ते निघेल. मी डोळे मिटून देवाला सांगितलं, तुला योग्य वाटेल ते दे, पण बारा दे. आठ निघाले. मला वाटलं, एकाच वस्तूचा कमी उपयोग आपल्या वाट्याला आला, आणि मी तसं बोलूनही गेले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्यावरच उलटलं.

प्रत्येक बुटाच्या तळव्याखाली शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र बसवलेलं असतं. बूट किती वेळ घातले ते त्यात नोंदलं जातं. शिवाय घरच्यांनी वहीत लिहायचं. आमच्या घरी वही माझ्याकडे. रात्री नऊला बूट घातले, पहाटे पाचला काढले, मधे एकदा रडली, सात मिनिटं काढून पुन्हा घातले, असं सगळं. दुधाच्या हिशेबात पाव लिटर मी सोडत नाही, तर नातीच्या पायाची सात मिनिटं कशी सोडीन?

तर मंगळवारी तीन महिन्यांची तपासणी होती. सूनबाई आणि मी भिंगरीला घेऊन गेलो. तिथे नोंदी ठेवणाऱ्या एक बाई आहेत, केसांत पेन खोचतात आणि मग टेबलभर पेन शोधतात. त्यांनी बटण काढून संगणकाला लावलं, माझी वही शेजारी ठेवली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, बहुतेक घरांत उलटं असतं. वहीत आठ आणि बुटात पाच. तुमच्या वहीत आठ आहेत आणि बुटात साडेनऊ."

मी म्हटलं, "मग तुमचं बटण बिघडलं असेल."

"दोन्ही बुटांतली दोन्ही बटणं, रोज, बरोबर दीड तासाने बिघडली?" बाई आवाज न चढवता म्हणाल्या. "आजी, रागावू नका. जास्त वेळ घालावेसे वाटणं साहजिक आहे. पण तसं असेल तर हिच्या नोंदी आम्हाला बाजूला काढाव्या लागतील. उपचार चालूच राहतील, त्याची काळजी नको. फक्त ती मोजणीत राहणार नाही."

मी सूनबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, बारा मिळायला हवे होते म्हणून."

वन्सं, तुमच्या घरात आल्यापासून माझ्यावर बरेच आळ आले. (लोणच्याची बरणी आठवा. ती मी फोडली नव्हती.) पण वही खोटी लिहिल्याचा आळ हा पहिलाच. जास्त तास घालायचं मनात कधी आलंच नाही असं देवासमोर म्हणता येणार नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा आलं. पण घातले नाहीत. आणि मला खरी टोचणी मोजणीतून वगळण्याची होती. त्या माहितीपत्रकात लिहिलंय की आठ तास पुरेसे ठरले तर पुढे येणाऱ्या मुलांना चार तास पाय मोकळे ठेवून झोपता येईल. म्हणजे कुठल्या तरी घरात एक पोर कमी रडेल आणि एक आई जास्त झोपेल. आमची भिंगरी तीन महिने त्या दांडीशी झगडत झोपली, ती अशा कामासाठी झगडली असं मी मनाशी धरलं होतं. ते सगळं बाजूला काढणार म्हणजे काय? मी म्हटलं, मोठ्या डॉक्टरांना बोलवा.

मोठे डॉक्टर अंगाने खूप उंच आहेत आणि कायम बुटक्या स्टुलावर बसतात, मुलांच्या पावलांकडे नीट बघता यावं म्हणून. त्यांनी पडद्यावरच्या रेघा बघितल्या, वही बघितली, पुन्हा रेघा बघितल्या. मग एका ठिकाणी बोट ठेवलं.

"आजी, इथे सलग चार दिवस बरोबर आठ तास आहेत. एक मिनिट जास्त नाही. त्या दिवसांत काय झालं होतं?"

मी वहीची पानं उलटली. चार दिवसांच्या नोंदी अशा होत्या: "वन्सं आल्या. जप राहिला." "जप राहिला." "वन्संनी त्यांच्या शेजारणीची हकिगत सांगितली. जप राहिला." "शेजारणीची हकिगत पुढे चालू. जप राहिला." पाचव्या दिवशी फक्त "वन्सं गेल्या."

"जप राहिला म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं की मी रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ माळ घेऊन बसते. थंडीचे दिवस, त्यात ते बूट आतून बर्फासारखे गार, पोर पाय घालताना दचकून रडते. म्हणून ते मांडीवर घ्यायचे, वरून शाल, आणि जप संपेपर्यंत छान उबदार. नऊला पाय आत, पोरीला कळतसुद्धा नाही. पण नणंद आल्या की समोर बसून बोलतात. मोठ्या आहेत, त्यांच्यापुढे माळ ओढत बसणं बरं दिसत नाही, म्हणून जप राहतो आणि बूट खुर्चीवर तसेच पडून असतात...

इथे मी थांबले. सूनबाईला जे हसू फुटलं ते तिने पदरात दाबलं. नोंदवाल्या बाईंनी केसांतलं पेन काढलं आणि पुन्हा तिथेच खोचलं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "हे बटण पाय ओळखत नाही. फक्त ऊब ओळखतं. ऊब कुणाची, ते त्याला कळत नाही."

मला तीन महिने वाटत होतं की ते पाय मोजतं. विजेचा मीटर जसा वीजच मोजतो, पाणी नाही मोजत, तसं. बटण बुटात आहे हे मला ठाऊक होतं, पण बूट मांडीवर घेणं म्हणजे बूट घालणं ठरतं हे कुणाच्या डोक्यात येईल?

डॉक्टर माणूस चांगला, पण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा नाही. (म्हणूनच मला आवडतो.) त्यांनी नवं बटण घातलेले बूट माझ्या हातात दिले आणि म्हणाले, बाहेर बाकावर बसा, घरी बसता तसं. मी शाल पांघरली, पर्समधली माळ काढली आणि इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात सगळ्यांसमोर दीड तास जप केला. येणारे जाणारे हात जोडून जात होते. एका बाईंनी तर विचारलं की इथे कुठला उपचार चालतो. भिंगरी तोवर त्या टोकापासून या टोकापर्यंत पळत होती आणि प्रत्येक फेरीला माझ्या गुडघ्यावर टाळी देऊन जात होती. मणी चुकत होते, मी पुन्हा पहिल्यापासून घेत होते. आत जाऊन बटण संगणकाला लावलं. पडद्यावर आलं: एक तास तीस मिनिटं, बूट घातलेले. म्हणजे वन्सं, शास्त्राच्या हिशेबाने दीड तास मी भिंगरीचा पाय होते.

तर भिंगरी मोजणीत राहिली. रोजचे दीड तास वजा केले की बुटाचं आणि वहीचं मिनिटाला मिनिट जुळतं. नोंदवाल्या बाईंनी माझी क्षमा मागितली आणि वहीच्या चार पानांची नक्कल काढून घेतली. बूट ऊब देऊन ठेवायला हरकत नाही, फक्त त्याचा वेगळा रकाना करा, असं सांगितलं. सगळ्या घरांना जाणाऱ्या सूचनांत आता एक वाक्य वाढणार आहे की बूट घालण्यापूर्वी गरम केल्यास ती वेळ वेगळी लिहावी. वाक्य साधंच आहे, पण ते माझं आहे, आणि थोडं तुमचंही. तुम्ही चार दिवस बोलला नसतात तर मी खोटी ठरले असते. तुम्ही शेजारणीची हकिगत थोडक्यात आटोपली असती तरी पंचाईत होती.

आणि पावलं म्हणाल तर डॉक्टरांनी मापं घेतली. सरळ आहेत. देवाची कृपा आणि त्या स्टुलावर बसणाऱ्या माणसाचीही. गुडघ्याला जपा. भाऊजींना नमस्कार.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पानांवर मी क्रमांक घातले आहेत. ते क्रमाने लावून उलटे केलेत तर मागे ते माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं. पाठकोरे कागद घरात दुसरेही होते. मुलीला उंदीर का म्हणता येत नाही, ते पाचव्या पानामागे माझ्यापेक्षा बरं लिहिलं आहे.

ता. क. आणखी एक राहिलं. डॉक्टर म्हणतात, एकदा दिसलं ते शास्त्रात धरत नाहीत, तेच पुन्हा दिसावं लागतं. तेव्हा तुम्ही पुन्हा चार दिवस येऊन रोज साडेसातला माझ्यासमोर बसून बोलणं संशोधनासाठी गरजेचं आहे. या खेपेला पाचवा दिवसही धरावा. शेजारणीचं पुढे काय झालं तेही बाकी आहे.

ता. क. खोटं लिहून पाकीट बंद करवेना. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत, त्यांचं समाधान मंगळवारीच झालं. पण भिंगरी आता काही न धरता उभी राहून पूर्ण गिरकी घेते, आणि पडत नाही. सगळ्या गल्लीने पाहिली, नाव ठेवणारीने तेवढी पाहायची राहिली आहे. या. जप मी पहाटे उरकून घेईन.