शुभदाचं कोपर

९ फेब्रु., सरावली
लिहायचं कारण एकच. पोटची मुलगी महिनाभर माझ्याशी खोटं बोलली, आणि ते मला एक्स-रेने सांगितलं. तोंडाने बोलायला गेले तर हात उठेल.

कोपर निखळलं, बसवलं, तीन आठवडे प्लास्टर. काढल्यावर हात हनुवटीपर्यंत यायचा. मग शुभदा वाणगावला तिच्या मावशीकडे, आक्काकडे, विश्रांतीला. मी पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करते. निघताना एकच बजावलं होतं, मालिश नाही, ओढाताण नाही. दोघींना. फोनवर रोज म्हणायची, सुधारतंय. आज परतली. हात छातीशीच अडतो. फिल्मवर कोपरापुढच्या स्नायूत ढगासारखी सावली.

१० फेब्रु.
सर्जननी बघताक्षणी विचारलं, “चोळलं कुणी?”
स्नायूत हाड धरतंय. मोडलेलं हाड सांधतं तशीच क्रिया, जागा भलती. चोळून आत रक्तस्राव, त्याची गाठ, गाठीत कॅल्शियम. आत्ता काढणार नाहीत. कोवळं कापलं की पुन्हा येतं. ते हाड पक्कं होईपर्यंत थांबा. सहा महिने, कदाचित वर्ष.
शु.ला तारापूरच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी लागलीय, १ मार्चला हजर व्हायचं. उजवा हात.

११ फेब्रु.
शु. कबूल झाली. रोज सकाळी आक्का तेल चोळून हात ओढायची.
आक्काला फोन. सख्खी बहीण.
“पोरीचा हात आकडलेला. आमी नुसतं बघत बसायचं काय? तुजं कालेज तुजपाशी.”
मी सांगितलं होतं ना?
“तू सगल्यांनाच सांगतेस. ऐकतंय कोण?” वर हसली.
फोन ठेवला. लहानपणी माझी वेणी हिनेच घातलेली, आणि…

१४ फेब्रु.
शु.ला पालघरच्या दुसऱ्या फिजिओबाई हव्यात. का, विचारलं.
“तू हात धरलास की मला परीक्षा वाटते. मावशीकडे दुखायचं, पण ती गप्पा मारायची.”
मी उठून भाजी चिरली.

१६ फेब्रु., पालघर
बाई तरुण आहेत. हात हळू धरतात. १ तारखेचं विचारलं, बघू म्हणाल्या.
दिलं: फिल्म दोन, जुनी आणि नवी. प्लास्टर काढल्याचा कागद. सर्जनची चिठ्ठी. माझी टिपणं, फोनवर ऐकून लिहिलेल्या ‘सुधारतंय’च्या ओळी खोडून शेजारी सही केली.
शु.ने पिशवीतून वहीचं एक पान काढून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी उलगडलं तेव्हा दिसलं: मालिशच्या तारखा, कुठल्या दिवशी किती दुखलं, सगळं. अक्षर डाव्या हाताचं. मला आजवर दाखवलं नव्हतं. तिथेही घडी घालूनच दिलं.