मेंढ्यांच्या पुढे चालणारी बोनारिया

बिलाबिंगा, साउथ ऑस्ट्रेलिया
१९ फेब्रुवारी २०१३

प्रिय कोरलीताईस,

धाकट्या लिंझीचा नमस्कार, आणि तू आजी झाल्याबद्दल दुसरा, जरा जास्त वाकून केलेला नमस्कार. तुझी टेगन आणि बाळ खुशाल असतील. बाळाचं वजन तू फोनवर सांगितलंस, तेवढ्याच वजनाचं कोकरू मी मुद्दाम काट्यावर ठेवून पाहिलं. वजन चांगलं आहे. (कोकराचंही.) तुझा गुडघा कसा आहे? रॉसदाजींना सांग, पर्थला समुद्र आहे म्हणून दोन्ही वेळा मासे खाऊ नका. इकडे सर्व ठीक. म्हणजे आता ठीक आहे. मधे जे घडलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण फोनवर तू मधे मधे बोलतेस. पत्रात तुला बोलता येत नाही, म्हणून पत्र.

बोनारिया तुझ्या पर्थला जाण्याच्या आदल्या आठवड्यात आली, तू तिला ओझरतं पाहिलंस. पाठीवर पिशवी टाकून येणाऱ्या या पोरांचा प्रकार तुला माहीतच आहे. वर्षभराच्या व्हिसावर येतात, शेतावर तीन महिने राबल्याचा सही केलेला कागद मिळाला की आणखी एक वर्ष मिळतं. पगार मी देत नाही, ती मागत नाहीत, सरकारलाही ते चालतं. कामाच्या बदल्यात जेवण, लोकरीच्या शेडमागची खोली आणि माझं मार्गदर्शन. (गेल्या वर्षीच्या फ्रेंच मुलाने जाताना मला कानात घालायचे बोळे भेट दिले. त्याचे स्वतःचे वापरून झाले असावेत.) ही बोनारिया इटलीच्या खाली सार्डिनिया नावाचं बेट आहे, तिथली. हिशेबाची पदवी घेतलेली. व्हिसा मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपतो. सही मिळाली नाही तर परत मामाच्या विम्याच्या ऑफिसात, जिथे तिचं टेबल, तिची खुर्ची आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या निवृत्तीची तारीखसुद्धा तयार आहे. मला ती काका म्हणते. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते खटकलं, तिसऱ्या दिवशी ती म्हणायची विसरली तेव्हा जास्त खटकलं.

आता मेंढ्यांकडे वळतो. मेंढरू मागून हाकायचं, हे मी कुणाच्या शाळेत शिकलो नाही. कुत्रा कुठे हवा, गाडी किती अंतरावर हवी, वारा कुठून हवा, हे सगळं मी स्वतः पाहून, चुकून, वहीत आकृत्या काढून बसवलं आहे. त्यावर मी गावाच्या हॉलमध्ये भाषणही दिलं होतं. (तू हजर होतीस. झोपलेली होतीस, पण हजर होतीस.) या दुष्काळात रोज सकाळी मेंढ्यांना जव टाकावे लागतात. मी ते गाडीतून टाकतो. बोनारिया म्हणाली, मी पायी टाकते. खांद्यावर पोतं, हातात डबा, डबा वाजवत ही पुढे आणि मेंढ्या मागे. मी म्हणालो, "अगं, ही काय मिरवणूक चालवली आहेस? पुढारी मागे असतो आमच्याकडे." ती म्हणाली, "काका, माझे आजोबा जन्मभर कळपाच्या पुढे चालले. आमच्याकडे मागून येतो तो चोर." मी आपल्या स्पॅनर कुत्र्याकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

मग फाटकाचा प्रकार झाला. रानातलं फाटक जसं दिसेल तसं सोडायचं, उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं, त्यामुळे सांगायचं कुणाला सुचतच नाही. मधल्या कुरणाचं फाटक मी उघडं ठेवलं होतं, कारण पवनचक्कीचा हौद पलीकडे. बोनारिया तिथून जाताना तिला उघडं फाटक दिसलं आणि तिने ते लावलं. नुसतं लावलं नाही, साखळी घातली, वर तारेचा पीळ दिला. चांगल्या घरची मुलगी! दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्रा हाताला चिकटावा अशा उन्हात, मी गेलो तर सगळा कळप फाटकाला टेकून उभा, माना खाली. पाण्याचा वास येत होता आणि पाणी नव्हतं. तीन मेंढ्या गेल्या. आडव्या पडलेल्या बाकीच्यांना तिने बादलीने, मग हाताच्या ओंजळीने पाणी पाजलं, आणि पाजताना रडत होती ते मी पाहिलं. पण मी तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. म्हणालो, शनिवारच्या बसने निघ, सही मिळणार नाही. ती म्हणाली, "उघडं दार दिसलं आणि लावलं नाही तर माझी आई ओरडते, काका." मी म्हणालो, "मग आईकडेच जा." हे वाक्य मला बोलताना फार छान वाटलं होतं.

शुक्रवारी आग लागली. उत्तरेचा वारा, आकाश तांबूस, आणि शेजारच्या डगच्या धसकटात कुठेतरी ठिणगी. आम्ही सगळे स्वयंसेवक पाण्याच्या गाड्या घेऊन पश्चिमेच्या कुंपणाशी. तुला माहीत आहे, उत्तरेचा वारा परवडतो, तो कुठे जाणार ते कळतं. जीव घेतो तो नंतरचा, नैर्ऋत्येकडून फिरणारा. तो फिरला. आगीची जी लांब कूस होती तिचंच तोंड झालं आणि ते वळलं मधल्या कुरणाकडे. मी स्पॅनरला घेऊन गाडी तिकडे पिटाळली. वडिलांनी जमवलेल्या वाणाच्या त्या मेंढ्या, ताई. दुसरा कळप आपल्याकडे नाही.

आणि त्या हलेनात. कुत्रा जिथे हवा तिथेच होता, गाडी योग्य अंतरावर होती. मी हॉर्न वाजवला, ओरडलो, टोपी फेकली. त्या नुसत्या गोल फिरत राहिल्या, एकमेकींच्या पोटात डोकी खुपसून. धुराने समोरचं फाटक दिसेना. माझ्या वहीतल्या सगळ्या आकृत्या संपल्या. तेवढ्यात धुरातून डब्याचा आवाज आला.

ती घरापासून धावत आली होती. तोंडाला ओला टॉवेल, हातात तोच डबा, त्यात जव नाहीत, स्वयंपाकघरातले सुके वाटाणे. मला म्हणाली, "काका, कुत्र्याला गप्प करा. आणि तुम्हीही गप्प बसा." आजवर मला असं कुणी म्हटलेलं नाही, तुझ्याखेरीज. मी गप्प बसलो. तिने कळपाकडे पाठ केली, डबा वाजवला आणि चालायला लागली. धावली नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. आग कानाला ऐकू येत होती आणि ही सकाळी चालायची त्याच पावलांनी चालली. एका म्हाताऱ्या, फाटक्या कानाच्या मेंढीने डोकं बाहेर काढलं. ती निघाली. मग तिच्या शेपटीमागे दुसरी. मग तो सगळा गोल गुंडा एका टोकाने उसवत गेला, जसा तू लोकरीचा गुंडा सोडवतेस तसा, आणि चारशे मेंढ्यांची एक लांब ओळ त्या मुलीच्या मागे धुरात शिरली. ओरडणं नाही, धक्काबुक्की नाही, फक्त खुरांचा आवाज, पावसासारखा. मी मागे उभा होतो आणि मागे उभं राहून करण्यासारखं काहीही नव्हतं. मेंढ्यांत माझा जन्म गेला, आणि मेंढ्या चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. आजवर मी फक्त पळताना पाहिल्या होत्या.

नंतर मी विचारलं, एकदाही वळून कसं पाहिलं नाहीस? म्हणाली, "पाहिलं असतं तर त्यांना कळलं असतं की मलाही भीती वाटतेय."

तिने त्यांना दोन फाटकांतून, रस्ता ओलांडून, एका हिरव्या, ओल्या, सुरक्षित जागी नेलं. जागेबद्दल पुढे लिहितो. आग कुरण जाळून रस्त्यावर थांबली. एकही मेंढी गेली नाही. डग काळ्या तोंडाने आला, मेंढ्या मोजून पाहिल्या आणि म्हणाला, "लिंझी, तुझं ते भाषण पुन्हा ठेवायचं का रे हॉलमध्ये?"

रात्री जेवताना तिची पिशवी दाराशी भरलेली दिसली. मी म्हणालो, "शनिवारी बसला गर्दी असते." ती म्हणाली, "मग रविवारी जाऊ?" म्हणालो, "रविवारी बस नसते." "मग सोमवारी?" "सोमवारी कुंपणाचं काम आहे." ती थोडा वेळ बटाटे चिवडत बसली. मग म्हणाली, "कुंपण किती लांब आहे, काका?" मी म्हणालो, "पुरेल एवढं आहे." तिने पिशवी उचलून आत नेली. त्या कुंपणावर तिने ज्या तारा ताणल्या आहेत त्या तू येऊन वाजवून पाहा. काल तिचे तीन महिने पूर्ण झाले.

बाळाला माझा गोड पापा. रॉसदाजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम पडो.

तुझा भाऊ,
लिंझी

ता.क. ती हिरवी जागा म्हणजे तुझी बाग. मैलभरात दुसरं हिरवं काही नव्हतं, आणि तूच मला रोज पाणी घालायला सांगून गेली होतीस, तेव्हा थोडा दोष तुझाही. मेंढ्या तिथे पूर्ण रात्र होत्या. फोनवर तू बाग कशी आहे विचारायचीस आणि मी गवत कापलेलं आहे म्हणायचो, ते अक्षरशः खरं होतं. डेलियांचे कंद जमिनीत शाबूत आहेत, बोटाने चाचपून पाहिले. गुलाबांची छाटणी झाली आहे. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीबद्दल समक्ष बोलू. (डगच्या बायकोला मी गप्प राहायला सांगितलं होतं आणि ती राहिली. हे आगीपेक्षा मोठं आश्चर्य.)

ता.क. २. बोनारिया कुंपणाचं काम संपवून रोज संध्याकाळी तुझ्या बागेत रोपं लावते. ते तास मी कामात धरले नाहीत, कारण शोभेच्या झाडांचं काम नियमात बसत नाही. फाटकाचा दिवसही धरला नाही. मी तो हजेरीतून खोडायला गेलो तर तिने आधीच खोडला होता आणि एक दिवस जास्त काम केलं होतं.

ता.क. ३. सोबत बोनारियाच्या तीन महिन्यांचा कागद आहे. ज्या वर्षी शेतीच्या धंद्याचा सरकारी नंबर काढायचा होता त्या वर्षी मी ऑफिसची पायरी चढणार नाही म्हणालो आणि तू तो तुझ्या नावावर काढलास. त्यामुळे सही मालकिणीची लागते. माझी करून पाहिली, चालत नाही. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे कर आणि जलद टपालाने पाठव. व्हिसा संपायला थोडेच दिवस आहेत.

ता.क. ४. बागेमुळे तू सही केली नाहीस तरी मी समजून घेईन, असं वर एका ठिकाणी लिहून खोडलं आहे. मी समजून घेणार नाही. सही कर, ताई.