प्रश्न सातवा : मी ऐकून घेतो

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मी लवकरच मॅनेजर होणार, तेव्हा आधीचे दिवस कुठेतरी नोंदलेले असावेत.

हकीकत अशी. अक्कलकोट रोडला आमच्या मालकांचं, गुरुबसप्पांचं, टॉवेलचं दुसरं युनिट सुरू होतंय. तिथे मॅनेजर पाहिजे. पहिल्या युनिटचा सुपरवायझर मी, सिद्धलिंग, बावीस वर्षं एकाच शेडमध्ये. यात विचार करण्यासारखं काही नाही. पण मालकांचा मुलगा अमरेश पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलाय. तो म्हणतो, पर्सनॅलिटी टेस्ट घेऊ. आपला स्वभाव आपणच ओळखायचा. चाळीस वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते पाच मार्क आपणच द्यायचे. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी.

टेस्टला दोघंच. मी आणि तपासणी खात्यातली नागम्मा. नागम्मा कशाला ते कळलं नाही. बहुतेक मला एकट्याला दिली तर दिसायला बरं दिसलं नसतं.

४ फेब्रुवारी, रात्री जेवणाआधी

फॉर्म भरला. दानू (आमची मुलगी, बी.कॉम. दुसरं वर्ष) वाक्यं वाचत होती, मी मार्क सांगत होतो. सातव्या वाक्याला तिनं सुरुवात केली, "मी समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत..." मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, पप्पा, वाक्य संपू द्या की. मी सांगितलं, वाक्य कुठे जाणार ते मला आधीच कळतं, यालाच अनुभव म्हणतात. दानूनं आईकडे बघितलं. दोघी हसल्या. कौतुकानं.

एकूण दोनशेपैकी एकशे सत्त्याण्णव. तीन मार्क मीच कापले. 'मी नम्र आहे' या वाक्याला स्वतःला दोनच दिले. खरा नम्र माणूस याहून जास्त देऊच शकत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अमरेशनं आणखी एक काढलंय. हाच फॉर्म आपल्याबद्दल पाच कामगारांनी भरायचा, नाव न लिहिता, बंद पाकिटात. नंतर दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून तो आणि मालक आपल्याशी बोलणार.

मला काळजी नाही. शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग एकदम चालतात. कानाशी तोंड नेलं तरी निम्मंच कळतं. पण माझं बोलणं कामगारांना बरोबर पोचतं. मी बोलतो, ते मान हलवतात. बावीस वर्षांत एकानंही माझ्या एका शब्दाला विरोध केलेला नाही. त्यांचंही मी ऐकतोच. ते बोलतात, मी मान हलवतो. शेडमधली ही रीत मी घरीसुद्धा पाळतो, त्यामुळे घरात भांडण म्हणून नाही.

उलट नागम्मा. कोणाला काही सांगायचं असलं की ती त्याला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेते आणि पंधरा-पंधरा मिनिटं नुसती उभी राहते. स्वतः एक शब्द बोलत नाही. अशानं लोकांवर वजन कसं पडणार?

८ फेब्रुवारी

मागावरचा पोरगा, गुंडा, दोन दिवस न सांगता गैरहजर. आज आला. चांगलाच झापला. तो म्हणाला की बहिणीचं लग्न ठरलंय, सुपारी फुटायची होती, बुधवारीच विचारलं होतं, मामांनी (शेडमध्ये मला सगळे मामाच म्हणतात) मान हलवली होती. मी मान हलवली याचा अर्थ मी ऐकलं. हो म्हटलं असा होत नाही. हे त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली.

संकल्प : मॅनेजर झाल्यावर गुंडाला नव्या युनिटात नेणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

जेवताना नव्या केबिनचा विचार करत होतो. टेबल खिडकीकडे की दाराकडे? दाराकडे बरं. येणारा जाणारा दिसतो.

गौरम्मा (आमच्या सौ.) भाकरी वाढताना बरंच काही सांगत होती. काल अमरेशचा फोन येऊन गेला म्हणे. मोबाइल मी घरीच ठेवतो, शेडमध्ये रिंग कुठली ऐकू येणार. अमरेशनं स्वतः फोन केला म्हणजे गोष्ट पक्की. पुढे ती बुधवारबद्दल काही म्हणत होती. मान हलवली. शेंगाचटणी आज झकास होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सिद्धेश्वराला जाऊन आलो. गौरम्मानं पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय आणि सकाळपासून नवी पेठ, नवी पेठ चाललंय. आधी मराठीत, मग कानडीत. खरेदी काढलेली दिसते. मान हलवली. बायकांना खरेदीला नाही म्हटलं की पुढे फार ऐकावं लागतं.

मॅनेजर झाल्यावर पहिलं भाषण 'ऐकून घेण्याचे महत्त्व' या विषयावर करीन. मुद्दे काढले. अकरा झाले.

११ फेब्रुवारी

नागम्मा माझ्या मागापाशी आली. हे पहिल्यांदाच. कानाशी येऊन काही बोलली, मग दहा बोटं दाखवली, एक बोट अर्धं मुडपून दाखवलं, स्वतःकडे आणि माझ्याकडे हात केला. हार मानली बिचारीनं. मला दहापैकी साडेदहा देऊन गेली. मीही मोठ्या मनानं मान हलवली. ती टाकीकडे चला म्हणून खुणावत होती, पण मला मुद्द्यांवर काम करायचं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी १

सकाळी निघताना गौरम्मा पांढरा शर्ट घेऊन दारापर्यंत आली. शेडच्या धुळीत पांढरा शर्ट कोण घालतं? कळकटच घालून गेलो.

नागम्मा आज कामावर नाही. नवं लुगडं नेसून स्टॉपवर उभी होती म्हणे. ऐन वेळी दांडी. हे तिच्या पाकिटात लिहायला हवं होतं.

म्हटलं, भाषणाची तालीम करू. पाच-सहा जणांना मागांच्या मधल्या वाटेत बोलावलं आणि सुरू केलं. सगळे माना हलवत होते. गुंडा तर मान हलवता हलवता ओठही हलवत होता. माझे शब्द घोकत असावा. मी चौथ्या मुद्द्यावर होतो आणि लाइट गेली. अठ्ठेचाळीस माग एकदम थांबले. लाइट काय नेहमीच जाते, पण एरवी मी तेव्हा केबिनमध्ये असतो.

त्या शांततेत गुंडाचा आवाज आला. मान तशीच हलत होती.

"बोल बाबा बोल, तुजं झालं की आमी कामाला लागतो."

कोणी हसलं नाही. मी त्याला विचारलं, हे काय चाललंय. तो घाबरला, पण खोटं बोलला नाही.

"रोजचंच हाय की मामा. तुमच्या तोंडावरच म्हंतो आमी. तुमी बी मान हलवता."

बावीस वर्षं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

अमरेशला भेटायला नवी पेठेतल्या ऑफिसात गेलो. गुंडाची तक्रार करायची होती. तिथे कळलं की मला आज सकाळी साडेदहालाच बोलावलं होतं. मला आणि नागम्माला. गौरम्माला शनिवारी फोन केला होता, नागम्मालाही निरोप दिला होता. दोघींनी सांगितलं होतं की मामांनी मान हलवली. मालक बारापर्यंत वाट बघत बसले होते. मग नागम्माचं नक्की केलं.

मी बरंच बोललो. अमरेशनं मध्ये तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर त्यानं दोन्ही फॉर्म पुढे ठेवले. सातव्या प्रश्नाला माझे मला पाच. पाकिटात पाच जणांचे एक, एक, एक, एक, एक. नागम्मानं स्वतःला तीन दिलेत. तिच्या लोकांनी तिला पाच.

तो म्हणाला, "मामा, नुसत्या मार्कांवर ठरवणार नव्हतो आम्ही. आज आला असता तर तुमचं ऐकायचं होतं."

वाईट वाटलं. फार वाटलं. इथे लिहितो, कारण इथे कोण बघतंय. घरी येताना दोन स्टॉप चालत आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नागम्माचं अभिनंदन केलं. तिनं टाकीपाशी नेलं आणि पंधरा मिनिटं नुसती उभी राहिली.

संकल्प : आजपासून खरंच ऐकायचं. सुरुवात घरापासून.

रात्री गौरम्मानं पांढऱ्या शर्टाची घडी करून कपाटात ठेवली आणि समोर येऊन बसली. मी पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "तुमी घरी आला तरी शेडमधनं बाहेर येतच न्हाय. दानू लहान हुती तवापास्नं बघते मी." वाक्य फार चांगलं होतं. रोजनिशीत घ्यायचं ठरवलं आणि विसरू नये म्हणून मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. ती पुढेही बराच वेळ बोलत होती. डोळे भरले होते तिचे.

मग तिनं विचारलं, "आता मी काय म्हनले, सांगा."

मी मान हलवली.