अडकलेल्या माणसाचं बटण

तीर्थरूप काका,

नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी लांबी माझ्या भाड्याच्या खोलीला नाही, तेव्हा उभ्यानं केलेलाच गोड मानून घ्यावा.) मी बरी आहे. तुमच्या घोट्याची सूज उतरली का? बाबांना तुम्ही सांगितलंत, न्हाणीघरात जरा बसलो होतो. शेजारच्या बाईंनी मला सांगितलेली हकिगत निराळी आहे: तुम्ही पडलात, टेलिफोन बाहेरच्या खोलीत वाजत राहिला, आणि त्या किल्ली घेऊन येईपर्यंत तुम्ही फरशीवरच बसून होतात. दोन्ही हकिगतींत बसणं समान आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

पत्राचं कारण कामाचं आहे. आमच्या कंपनीला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका फर्मचं काम मिळालं. तक्रारी नोंदवायचा त्यांचा कॉम्प्युटरवरचा जुना प्रोग्राम, टेबलाशी चहा घेऊन बसलेल्या माणसासाठी, उत्तम आहे: रुंद पडदा, डावीकडे इमारतीची माहिती, मधे कराराची, उजवीकडे तक्रार आणि पार कोपऱ्यात 'पाठवा'. तो आता मोबाइलवर हवा होता, म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेल्याला आतूनच तक्रार करता यावी. मी म्हटलं, आधी मोबाइलचा विचार करू. त्या एवढ्याशा जागेत कशावाचून अडतं ते ठरवू, मग कॉम्प्युटरवर जागा आहे तशी भर घालू. साहेब म्हणाले, "अगं, आहे तेच बारीक करून बसव. कपडे तेच, पिशवी लहान." (साहेब स्वतः एका रात्रीच्या मुक्कामाला दोन बॅगा नेतात.)

साहेबांनी सांगितलं तसं मी केलं. अक्षरं मुंगीएवढी झाली. 'पाठवा' पडद्याबाहेर गेलं. ते दिसायला पडदा बोटानं ढकलत न्यावा लागे. 'रद्द करा' मात्र बरोब्बर अंगठ्याखाली आलं. हे सगळं मी लेखी कळवलं होतं, एवढंच नमूद करते.

प्रात्यक्षिक त्या फर्मच्याच इमारतीत ठरलं. लिफ्ट मुद्दाम दोन मजल्यांच्या मधे थांबवायची, साहेबांनी आतून तक्रार करायची, ती वर मेकॅनिकच्या मोबाइलवर उमटली की त्यानं लिफ्ट चालू करायची. फर्मच्या मालकीणबाई कडक शिस्तीच्या. तक्रार मोबाइलवर आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी मेकॅनिकला बजावलं होतं. आत आम्ही तिघं: साहेब, बाई आणि मी. लिफ्ट थांबली. दिवाही गेला, ते ठरलेलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा आणला नव्हता. प्रोग्रामनं आधी इमारतीचा नोंदणी क्रमांक विचारला. तो इमारतीबाहेरच्या पाटीवर होता, पण बाईंना पाठ होता. मग कराराची तारीख. मग लिफ्ट माणसांची की मालाची (यावर साहेब जरा थबकले). मग 'पाठवा' शोधता शोधता अंगठा 'रद्द करा'वर पडला आणि सगळं कोरं झालं. पुन्हा भरलं, पुन्हा कोरं झालं. उकडायला लागलं. शेवटी बाईंनी दारावर थापा मारल्या. "अरे, चालू कर आता."

वरून शांतपणे उत्तर आलं, "बाई, तक्रार आली नाही अजून."

"मी सांगतेय ना तुला."

"तोंडी घ्यायची नाही, तुम्हीच म्हणालात."

साहेबांनी मोबाइल माझ्या हाती दिला आणि ते खालीच बसले. मला वाटलं होतं, ते ओशाळले असतील. पडद्याच्या उजेडात चेहरा दिसला. ते घाबरले होते. मी सगळं भरून 'पाठवा' गाठेपर्यंत त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं. त्यांना ते कळलं नसावं. मी ऑफिसात कुठं बोललेले नाही, तुम्हीही बोलू नये.

बाहेर आल्यावर ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "ते तुझं आधी मोबाइलचं का काय, ते कर." मग मी नवा पडदा केला. त्यावर एकच बटण: 'अडकलोय'. इमारत कुठली, लिफ्ट कुठली, हे प्रोग्रामनं शोधायचं. कराराची तारीख टेबलाशी बसलेल्यांनी बघायची. अडकलेल्या माणसाकडे तपशील नसतात. एखादा हात मोकळा असतो आणि एकच गोष्ट सांगायची असते.

तुम्ही टेलिफोन खात्यात जन्म काढलात. तुमचं म्हणणं, फोनची घरात एक जागा असते, माणसानं उठून तिथं जावं. या मताचा मला आदर आहे. फक्त त्यात माणूस उठू शकतो, हे गृहीत धरलेलं आहे.

लिहिण्यासारखं अजून आहे, पण तुम्ही चष्मा शोधायला उठाल म्हणून इथंच थांबते.

तुमची,
मोजपट्टी
(हे नाव तुम्हीच ठेवलंत. तक्रार नाही.)

ता. क. सोबतच्या खोक्यात चाचणीचं साहित्य आहे. मोबाइल मुळीच न आवडणारा एक अनुभवी परीक्षक कंपनीला हवा आहे. साहेबांना मी तुमचं नाव सुचवलं. पडद्यावर एकच बटण आहे: 'ये'. दाबलं की माझ्याकडे वाजतं. 'रद्द करा' ठेवलेलं नाही. वस्तू टेलिफोनच्या टेबलावर ठेवू नये, शर्टाच्या खिशात ठेवावी. न्हाणीघरात खिसा नसतो, म्हणून दोरी जोडली आहे, गळ्यात घालावी. बादलीत बुडवून पाहिली आहे, चालते.

आणखी ता. क. वरच्या मजकुरात दुरुस्ती. कंपनीचं काम मागेच मंजूर होऊन गेलं. परीक्षक कुणी मागितलेला नाही आणि साहेबांना तुमचं नावही ठाऊक नाही. 'ये' हा पडदा मी खोलीवर बसून केला. तो एकाच माणसाच्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

शेवटचं. घोटा अगदी बरा झाला असेल तरी खोकं परत पाठवू नये. बटण दाबण्यासाठी पडलेलं असण्याची अट मी घातलेली नाही.