डोळे मिटून बोललेलं

प्रिय आईस सप्रेम सलाम,

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथे चर्चमधल्या मुलींचा गट मी घेते. गेल्या रविवारी प्रार्थनेत डोळे मिटले, ऊन पापण्यांवर तरंगत होतं. सर्वांत लहान मुलीचे बाबा घर सोडून गेलेत, हे तिने फक्त मला सांगितलं होतं; त्या तंद्रीत ते मी सगळ्यांदेखत देवाला सांगून टाकलं. डोळे उघडले तर तिची खुर्ची रिकामी. मी देवाशी बोलत होते की मुलींशी? आठवडाभर हेच मनात.

आज ती आली. प्रार्थना करायची तिची वेळ आल्यावर म्हणाली, "प्रभू, ताईंना माफ कर. आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लाव."

मुली फिसकन हसल्या. सर्वांत मोठ्याने आमेन मीच म्हटलं.

माझ्यासाठी प्रार्थना कर, पण मनातल्या मनात.

तुझी थोरली