कुंकवाचा अंगठा

विसरभोळ्या सिंधूला नॉटिंगहॅमहून अक्काचे आशीर्वाद.

मागच्या पार्सलात कुरडया टाकायला विसरलीस. गुडघ्याचं तेल तरी लावतेस का रोज? मी सांगतेय, सूनबाई अनुराधा लिहितेय.

शेजारची शिरीन इराणातून जीव वाचवून आलेली. तिला इथलं सरकार पोरांसकट परत पाठवणार होतं. मग तिला पाठवू नका म्हणून सगळ्या गल्लीने अर्जावर सह्या केल्या. मी देवापुढच्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवून उठवला.

अनुराधा ओरडली, "आई, अर्ज बिघडवलात!"

शिरीनच्या वकीलबाई म्हणाल्या, "राहू दे."

काल कळलं, पाठवणं थांबवलंय. सुनावणी पुन्हा आहे म्हणे. शिरीन माझा तोच अंगठा धरून रडली. गोऱ्या गल्लीचे फार उपकार गं.

सहीला अंगठाच आहे, ओळखशील. आणि कुरडया दुप्पट पाठव. शिरीनची पोरं अजून इथंच आहेत.